मदत हवी आहे: सहा गावांची एकच नळयोजना, शेवटच्या गावाला पाणी पोचत नाही

नमस्कार मंडळी. आमच्या सहा गावांना एकाच प्रादेशिक योजनेचं पाणी येतं आणि आमचं गाव लाइनच्या शेपटाला. वरच्या गावांनी थेट मुख्य वाहिनीवर नळजोड घेतलेत, त्यावर मोटारी लावतात. आमची टाकी जेमतेम अर्धी भरते. जल जीवन मिशनचे माणशी रोज 55 लिटर कागदावरच! योजनेचं वीजबिल मात्र गावांत लोकसंख्येप्रमाणे वाटतात. म्हणून आमचे लोक पाणीपट्टी भरत नाहीत, अन् बैठकीत थकबाकी काढून आम्हालाच गप्प करतात. प्रत्येक गावाच्या टाकीआधी बल्क मीटर (गावाला येणारं एकूण पाणी मोजणारं मीटर) बसवून मोजल्याप्रमाणे आकारणी कुणी केली आहे का? मीटरचा खर्च कुणी उचलला? शिखर समितीत (सगळ्या गावांची मिळून योजना चालवणारी समिती) ठराव कसा मांडलात? आणि व्हॉल्व्हमन (गावोगावचं पाणी सोडणारा-बंद करणारा माणूस) कुणाच्या हाताखाली ठेवलात, हे आधी सांगा. खरं भांडण तिथंच आहे.