शब्दचर्चा : नॅनोकण, ऑक्सिडीकारक ताण आणि मूत्रपिंडाची इजा

तळटीप : ‘नॅनोकणांच्या संपर्कातून निर्माण होणाऱ्या ऑक्सिडीकारक ताणामुळे मूत्रपिंडांना इजा होते.’ विज्ञानलेखातल्या या वाक्यात ‘ताण’, ‘संपर्क’ आणि ‘इजा’ हे शब्द नेमके आहेत का? ‘विषबाधा’ किंवा ‘निकामी होणे’ अधिक योग्य ठरेल का?

परीक्षानळी : ‘ऑक्सिडीकारक ताण’ ठेवा, पण पहिल्या वापराला अर्थ सांगा, नाहीतर वाचक मानसिक ताणाकडे वळतो. पेशीत सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड अशी क्रियाशील ऑक्सिजन संयुगे सतत तयार होत असतात, त्यातली बरीचशी तंतुकणिकांत, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियांत. सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटलेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही विकरे (एन्झाइमे) त्यांचा निचरा करतात. निर्मिती निचऱ्याला भारी पडली की तो ताण. म्हणजे ही स्थिती आहे, पदार्थ नव्हे. ताण ‘वाढतो’ किंवा ‘पडतो’ म्हणा, ‘साठतो’ नको.

या संयुगांना सरसकट ‘मुक्त मूलक’ (फ्री रॅडिकल) म्हणू नका. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये एकटा इलेक्ट्रॉन नसतो, त्यामुळे तो मूलक नाही. फेरस लोहाशी गाठ पडली की त्याच्यापासून हायड्रॉक्सिल मूलक बनतो, आणि तो मात्र जवळ सापडेल त्या मेदावर, प्रथिनावर, डीएनएवर तुटून पडतो. लोहयुक्त कणांच्या बाबतीत ही पायरी गाळली तर स्पष्टीकरण अर्धवट राहते.

केशिका : ‘संपर्क’ पुरत नाही. कण त्वचेला, फुप्फुसाला किंवा आतड्याला भिडला तो संपर्क. त्यातला रक्तात गेला तो भाग शोषित मात्रा. त्यातूनही मूत्रपिंडात पोचला तो भाग वेगळा. शिरेतून दिलेले कण थेट रक्तात जातात, तोंडावाटे गेलेल्यांचा बहुधा अगदी थोडा अंश शोषला जातो. म्हणून मार्ग लिहायलाच हवा. पेशीसंवर्धनात ‘मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर’ ही संहती (द्रवातले प्रमाण) असते, मात्रा नव्हे. कण एकमेकांना चिकटून तळाशी बसले तर पेशींवर पडणारा भार त्या आकड्याहून निराळा असतो.

आता मूत्रपिंडच का? विश्रांतीत हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा तिकडे जातो आणि दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. तरीही ‘नॅनोकण मूत्रात गाळले जातात’ असे सरसकट लिहू नका. नॅनोकण म्हणजे साधारण १ ते १०० नॅनोमीटर, पण केशिकागुच्छाच्या, म्हणजे मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांच्या जुडग्याच्या, गाळणीतून सहज उतरतात ते सुमारे ६ नॅनोमीटरहून लहान कण, आणि तेही आवरण व चिकटलेली प्रथिने धरून मोजलेल्या जलगतिक (द्रवात असतानाच्या) व्यासाने. मोठे कण बहुतांशी यकृत आणि प्लीहेत अडकतात.

इजेचे मुख्य ठिकाण बहुधा समीपस्थ नलिका, म्हणजे गाळणीला लागूनच असलेला मूत्रनलिकेचा पहिला भाग. तिच्या पेशी गाळलेली प्रथिने पुन्हा आत ओढून घेतात, त्याच वाटेने कणही आत येतात. शोषणाच्या कामाला भरपूर ऊर्जा लागते म्हणून तिथे तंतुकणिका दाट असतात. कण लयकारिकेत (पेशीतल्या पचन करणाऱ्या आम्लयुक्त पिशवीत, लायसोसोममध्ये) गेला की तिथल्या आम्लात झिंक ऑक्साइडसारखा पदार्थ विरघळून आयन सोडतो. कॅडमियमयुक्त कणांतून कॅडमियम सुटले तर ते मूत्रपिंडात वर्षानुवर्षे राहते. तंतुकणिकेचे पटल फुटले, तिच्यातले सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर आले की पेशीचा नियोजित मृत्यू सुरू होतो.

तळटीप : मग ‘इजा’च बरोबर?

केशिका : नलिकेच्या पेशी दुखावल्या, लघवीत किम-१ किंवा एनगॅल ही इजा दाखवणारी प्रथिने वाढली, तर ‘इजा’. गाळण्याचा वेग घटला तर ‘कार्यात घट’. ‘निकामी’ हा शब्द काम जवळपास थांबल्यावरच वापरा. ‘क्रिएटिनिन सामान्य, म्हणून इजा नाही’ हे वाक्य तर चूकच. क्रिएटिनिन हा मूत्रपिंडाने रक्तातून गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ. गाळण्याची क्षमता निम्म्यावर आली तरी क्रिएटिनिन सामान्य मर्यादेत असू शकते. ‘विषबाधा’ माणसाला होते, ‘मूत्रपिंडविषारी’ हा पदार्थाचा गुण. तो गुण सगळ्या नॅनोकणांवर लादणे अन्यायाचे आहे: फेरुमॉक्सिटॉल हे लोह ऑक्साइडचे नॅनोकण जुनाट मूत्रपिंडविकारातल्या रक्तक्षयावर शिरेतून देतात. वाक्यात कणाचा पदार्थ, आकार आणि मात्रा यायलाच हवी, आणि शेवटी ‘होऊ शकते’.

परीक्षानळी : मला सगळ्यात जास्त खटकतो तो ‘ताणामुळे’मधला ‘मुळे’. मॅलॉनडायआल्डिहाइड (मेदांच्या ऑक्सिडीभवनाची खूण) वाढले, ग्लुटाथायोन (पेशीतला ऑक्सिडीकरणरोधक) घटले आणि नलिकाही बिघडल्या, एवढ्यावर ‘ताणासोबत इजा दिसली’ इतकेच म्हणता येते. आधीच मेलेल्या पेशींतही मेदांचे पेरॉक्सिडीभवन वाढते. ‘मुळे’ लिहायचे तर ताण इजेच्या आधी दिसायला हवा आणि तो रोखल्यावर इजा कमी व्हायला हवी. त्यासाठी अनेकदा एन-ॲसिटिलसिस्टीन हे ऑक्सिडीकरणरोधक वापरतात, पण त्यातला थायॉल (गंधकयुक्त) गट चांदीसारख्या धातूंचे आयनही बांधतो. इजा कमी झाली ती ताण ओसरल्याने की आयन पकडले गेल्याने, हे एवढ्यावरून कळत नाही. शिवाय चमकणाऱ्या रंगद्रव्याने ताण मोजताना काही कण प्रकाश शोषतात, काही रंगद्रव्याशी स्वतःच अभिक्रिया करतात. पेशींविना फक्त कण आणि रंगद्रव्य, तसेच विरघळलेल्या धातूचे क्षार (चांदीच्या कणांसाठी सिल्व्हर नायट्रेट), ही दोन नियंत्रणे (तुलनेसाठीचे प्रयोग) अहवालात नसतील तर तुमच्या वाक्यात ‘ताणामुळे’ऐवजी ‘ताणासोबत’ लिहा.