आर५० की आर१०: खाडीतल्या रोहित पक्ष्यांसाठी

कॅननच्या आर५० आणि आर१० या कॅमेऱ्यांपैकी कोणता घ्यावा आणि ठाणे खाडीत ऐरोलीच्या बोटीतून रोहित पक्षी टिपताना फरक पडेल का, असा आपला प्रश्न आहे. अशी चर्चा बहुधा मेगापिक्सेलवरच रेंगाळते; पण दोन्हींचा एपीएस-सी आकाराचा (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सर २४.२ मेगापिक्सेलचाच असल्याने त्या वादात अर्थ नाही.

खरा फरक शटरचा आहे. आर१० चे यांत्रिक शटर सेकंदाला १५ फ्रेम (फोटो) देते. आर५० वर तोच वेग हवा असल्यास पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर वापरावे लागते आणि त्यात सेन्सर ओळीओळीने वाचला जात असल्यामुळे झपाट्याने हलणारे पंख वाकडे येऊ शकतात. शिवाय रॉमध्ये (सेन्सरवरची माहिती जशीच्या तशी साठवणाऱ्या फाइलमध्ये) फोटो काढताना आर५० चा बफर, म्हणजे फोटो कार्डावर जाईपर्यंत धरून ठेवणारी तात्पुरती मेमरी, चटकन भरतो, नेमका थवा उडाला की! आर१० ला फोकसबिंदू हलवायला जॉयस्टिक आहे. डुलत्या बोटीत डोळा व्ह्यूफाइंडरवरून न काढता अंगठ्याने बिंदू सरकवता येणे ही काही चैन नव्हे.

वजनाचे म्हणाल तर बॅटरी-कार्डासह आर५० चे ३७५, तर आर१० चे ४२९ ग्रॅम. दूरचे पक्षी जवळ आणणारी कॅननची आरएफ १००-४०० मिमी लेन्सच ६३५ ग्रॅमची असताना लोकलच्या गर्दीत हा फरक कुणाला जाणवणार? मात्र आर१० घेतल्याने ती लेन्स लांबणीवर पडणार असेल, तर मी बेलाशक आर५० आणि लेन्स घेईन, कारण कॅमेऱ्यासोबत किटमध्ये मिळणाऱ्या १८-४५ मिमी लेन्सने खाडीतले पक्षी ठिपक्याएवढेच दिसतील.