दहावीनंतर मुलीला प्रस्तरारोहण शिबिराला पाठवावे का?

प्रश्न (कासारवडवली, ठाणे):
नमस्कार. माझ्या मुलीची दहावीची परीक्षा संपली असून तिला मुंब्र्याच्या कातळांवर होणाऱ्या प्रस्तरारोहण शिबिराला जायचे आहे. सासूबाईंचे म्हणणे असे की हातपाय मोडून घेण्याची हौस कशाला, त्यापेक्षा पोहायला पाठवावे. येऊरचा डोंगर जिने आजवर खिडकीतूनच पाहिला, तिला पोहण्यात मिळत नाही असे तिथे नेमके काय मिळेल?

उत्तर (खारघर):
ताई, माझ्या मते खरे शिक्षण चढण्यापेक्षा बिले (belay) देण्यात, म्हणजे खालून सोबत्याचा दोर सांभाळण्यात आहे. वर चढणाऱ्या सोबत्याचा दोर खाली उभ्या असलेल्या मुलीच्या हातात असतो. तो ढिला राहिला तर सोबती किती खाली येईल, हे तिला डोळ्यांसमोर दिसत असते. चढाई सुरू होण्यापूर्वी दोघींनी एकमेकींच्या हार्नेसचे (कमरेला बांधायच्या पट्ट्याचे) बक्कल, दोराची गाठ आणि कॅराबिनरचे (दोर अडकवायच्या कडीचे) लॉक हाताने चाचपून पाहायचे असते आणि शंका आली तर मैत्रीण कितीही उतावीळ असली तरी ‘थांब’ म्हणायचे असते. एवढी जबाबदारी या वयाच्या मुलांवर आपण घरी टाकतो का? शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान आणि जहाज कंपनीचे मालक लॉरेन्स होल्ट यांनी १९४१ मध्ये वेल्समधील ॲबरडोव्ही येथे आउटवर्ड बाउंड या साहस-प्रशिक्षण संस्थेची पहिली शाळा काढली, तिच्यामागेही तरुण खलाशांना संकटात तग धरता यावा हाच विचार होता.

उत्तर (पनवेल):
वरील मत मान्य आहे, मात्र ते सरसकट लागू होत नाही. शनिवार-रविवारी कलावंतीण दुर्गाच्या उघड्या कातळपायऱ्यांवर जी रांग लागते किंवा बंदी असूनही पावसाळ्यात खारघरच्या पांडवकडा धबधब्याखाली जी गर्दी होते, त्यात मुलांना धोका असतोच, पण तो कोणी जोखलेला नसतो. सुखरूप परत आलेला मुलगा तिथे केवळ नशिबावर विसंबायला शिकतो. म्हणून पैसे भरण्यापूर्वी आयोजकांना विचारा की एका प्रशिक्षकामागे किती मुले असतात, हेल्मेट सक्तीचे आहे का, जवळचे रुग्णालय कोणते, आणि तयारी अपुरी वाटल्याने त्यांनी कधी कोणाची चढाई थांबवली आहे का. शेवटच्या प्रश्नावर जो नुसता हसतो, त्याच्याकडे मुलीला पाठवू नये.

उत्तर (ऐरोली):
एप्रिल-मेमध्ये कातळ सकाळी दहालाच तापलेला असतो, त्यामुळे चढाई पहाटे सुरू होते ना, हेही विचारून घ्यावे. पुढे कर्नाळा किल्ल्यावर नेणार असतील तर तिथल्या सुळक्यावर आग्या मोहोळे असतात. त्या दिवशी अत्तर लावू नये आणि गोंगाट करू नये, हे मुलीला आधीच सांगून ठेवा.