हँडेलचं 'मेसाया': सोबत गाता येईल असं रेकॉर्डिंग सुचवा

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या एका हौशी कॉयरमध्ये बेसमध्ये (पुरुषांच्या सर्वांत खालच्या आवाजात) गातो. यंदा नाताळात 'मेसाया' या ऑरेटोरिओचा (कोरस, एकल गायक आणि वाद्यवृंदासाठीच्या धार्मिक रचनेचा) पहिला भाग आणि शेवटी 'हालेलुया' असा बेत आहे. तालमीला पियानो असतो आणि हातात वॉटकिन्स शॉ यांनी संपादित केलेली नोव्हेलो प्रकाशनाची स्वरलिपीची प्रत. घरी सरावाला अख्ख्या 'मेसाया'चं एकच चांगलं रेकॉर्डिंग विकत घ्यायचंय.

क्रिस्टफर हॉगवुडने संचालन केलेलं 1980चं फारच आवडलं. एमा कर्कबीचा आवाज, ख्राइस्ट चर्चच्या मुलांचा कोरस, सगळं कसं लख्ख! पण सोबत गायला लागलो की सूर जुळेना. शेवटी हार्मोनियम काढली. आमचं 'हालेलुया' पांढरी दोनमध्ये, त्यांचं चक्क काळी एक. वरचे सूर गाताना घशाला बरंच वाटतं म्हणा, पण घरी काळी एकमध्ये घटवायचं आणि तालमीला पांढरी दोनमध्ये उभं राहायचं, हे कसं जमणार?

टॉमस बीचमचं 1959चं ऐकलं. यूजीन गूसन्सने केलेला वाद्यमेळ, 'हालेलुया'त दणदणीत झांजा. धमाल येते, पण ही वरात झाली, सराव कसला! जॉन बट आणि डनेडिन कन्सॉर्टचं 2006चं याच्या अगदी उलट: मोजके गायक, प्रत्येक ओळ सुटी ऐकू येते. पण ती 1742ची डब्लिनची आवृत्ती, त्यामुळे काही ठिकाणी आमची प्रत आणि गाणं यांची फारकत होते.

तर पियानोच्या पट्टीतलं, फार रेंगाळत न जाणारं आणि बेसची ओळ कळेल असं काही आहे का?

प्रतिसाद १

हॉगवुडकडे आहेत तशी जुन्या धाटणीची वाद्यं लावताना 'ए' हा सूर सहसा 415 हर्ट्झला धरतात, तुमच्या पियानोचा 440ला, म्हणजे ती साधारण अर्धा सूर खाली वाजतात. म्हणून त्याच पट्टीतली गार्डिनर (1982) आणि पिनॉक (1988) यांची रेकॉर्डिंगंही सरावाला नकोत, एरवी जरूर ऐका.

कॉलिन डेव्हिस, लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा, 1966 हे डोळे मिटून घ्या. वाद्यं आजची, पण कोरस आटोपशीर आणि लय चपळ. भल्यामोठ्या कोरसची आणि जडशीळ लयीची सवय असलेल्या त्या काळात हे ताजंतवानं वाटलं असणार. चार्ल्स मॅकेरस यांचं इंग्लिश चेंबर ऑर्केस्ट्राबरोबरचंही त्याच सुमाराचं, त्यात गायिका जॅनेट बेकर आहेत. फक्त मॅकेरस घेताना कव्हर नीट वाचा. मोझार्टने 1789मध्ये क्लॅरिनेट वगैरे घालून केलेली जर्मन आवृत्तीही त्यांनी रेकॉर्ड केली आहे, ती गळ्यात पडायची.

'फॉर अन्टु अस' या कोरसमध्ये 'बॉर्न' शब्दावरच्या ताना अडत असतील तर प्लेअरचा वेग पाऊणपट करा, पट्टी तीच राहते. ती चाल हँडेलने 1741मध्येच दोन सोप्रानोंच्या इटालियन युगुलगीतासाठी बांधली होती आणि काही आठवड्यांत इथे आणून बसवली. बेसवाल्यांची दमछाक होते ती उगाच नाही.

धागाकर्ता

'बॉर्न'वरच गाडी अडली होती, कसं ओळखलंत! डेव्हिस घेतो. हॉगवुड नुसतं ऐकायला ठेवेन, आता हार्मोनियम न काढता.

प्रतिसाद २

डेव्हिसची नंतरचीही रेकॉर्डिंगं आहेत. घेताना 1966 आणि हेदर हार्पर, हेलन वॉट्स या गायिकांची नावं बघून घ्या.