हॅमेलिनच्या पुंगीवाल्याचे गाव: एका दिवसासाठी जावे का?

प्रश्न (निवृत्त शिक्षक, आर्वी तालुका)

नमस्कार. माझी मुलगी व जावई नोकरीनिमित्त जर्मनीत हॅनोव्हर येथे राहतात आणि येत्या जूनमध्ये आम्ही उभयता महिनाभरासाठी त्यांच्याकडे जाणार आहोत. जिल्हा परिषदेच्या शाळेत असताना पुंगीवाल्याची गोष्ट मी जवळजवळ प्रत्येक वर्गाला सांगितली आहे. उंदरांचा भाग आला की मुले खुलत असत, कारण तुरीची पोती कुरतडणारे उंदीर त्यांच्या घरोघरी होते. मुले डोंगरात नाहीशी होतात तेथे मात्र वर्ग गप्प होई. ते गाव हॅनोव्हरपासून जवळच असल्याचे जावई सांगतात. तेथे खरोखर पाहण्यासारखे काही आहे, की केवळ प्रवाशांसाठी थाटलेली दुकाने आहेत? गोष्टीत खरे किती आहे? सौ.च्या गुडघ्यांना त्रास आहे आणि आम्ही दोघेही शाकाहारी आहोत, हेही विचारात घ्यावे.

उत्तर १ (मूळचे दारव्हा, सध्या जर्मनीत)

गुरुजी, अवश्य जावे आणि शक्यतो रविवारी जावे. गावाचे जर्मन नाव हामेल्न असून ते वेझर नदीच्या काठी आहे. हॅनोव्हरहून एस-५ ही लोकल पाऊण तासात तेथे पोहोचवते. मे ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दर रविवारी दुपारी बारा वाजता ‘लग्नघर’ या अर्थाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, सतराव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या दगडी इमारतीसमोर गावकरीच या कथेचे नाटक विनामूल्य सादर करतात. भाषा जर्मन असली तरी तुम्हाला कथा पाठ असल्याने अडचण येणार नाही, आणि राखाडी कपड्यांतील उंदीर झालेली लहान मुले पाहून तुमच्यातला शिक्षक जागा झाल्याशिवाय राहणार नाही. नाटक सुमारे अर्ध्या तासाचे असते. बसायला जागा मिळेलच असे नाही, म्हणून सौ. वहिनींसाठी घडीचे स्टूल सोबत न्यावे. जुन्या गावात वाहनांची वर्दळ नसली तरी फरसबंदी खडबडीत आहे. त्या फरसबंदीवर उंदरांच्या खुणा बसवलेल्या आहेत, त्यांच्या मागे चालत गेले की मुख्य वास्तू आपोआप दिसत जातात.

जेवणाचे म्हणाल तर जूनच्या चोविसाव्या तारखेपर्यंत पांढऱ्या शतावरीच्या कोंबांचा हंगाम असतो. बटाट्यांसह ते मागवावेत, मात्र सोबत मांसाचे काप नकोत असे आधीच सांगावे. ‘उंदराच्या शेपट्या’ या नावाचा एक पदार्थ तेथे गमतीने विकला जातो, तो डुकराच्या मांसाचा असतो, एवढे ध्यानात असू द्यावे.

उत्तर २ (इतिहासाचे अभ्यासक, वणी)

गुरुजींच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण वर्ग जेथे गप्प होत असे तोच या कथेचा मूळ भाग आहे. जुन्या नोंदींत उंदीर नाहीतच. २६ जून १२८४ रोजी रंगीबेरंगी कपड्यांतील एका वादकाने हामेल्नमध्ये जन्मलेली १३० मुले गावाबाहेर नेली व ती परत आली नाहीत, एवढेच पंधराव्या शतकाच्या मध्यातील ल्युनेबुर्ग हस्तलिखित सांगते. त्याहून जुनी, साधारण इ. स. १३०० च्या सुमाराची, रंगीत काचेची एक खिडकी तेथील चर्चमध्ये होती. ती १६६० मध्ये नष्ट झाली. उंदीर कथेत शिरले ते सोळाव्या शतकात, आणि ग्रिम बंधूंनी १८१६ मध्ये ही कथा छापली तेव्हा दोन्ही धागे एक झालेले होते. गाव पिठाच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध होते, त्यामुळे तेथे उंदरांचा सुळसुळाट असणे स्वाभाविकच म्हणावे लागेल. जेथे धान्य तेथे उंदीर, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

मुले गेली कोठे? साथीचा रोग, धर्मयुद्ध असे अनेक तर्क झाले आहेत. मला सर्वाधिक पटणारा तर्क असा, की पूर्वेकडील ओसाड मुलखात वस्ती करण्यासाठी तरुणांना घेऊन जाणारा तो भरती करणारा माणूस असावा. त्या काळी जमीनदारांच्या वतीने असे दलाल गावोगावी फिरत असत आणि त्यांना ‘लोकाटोर’ म्हणत. आपल्याकडील मुकादम उचल देऊन मिरची तोडाईसाठी तेलंगणात माणसे नेतो, त्याचाच हा दूरचा भाऊबंद समजावा. ‘मुले’ या शब्दाचा अर्थ गावची लेकरे, म्हणजे तरुण मंडळी, असाही होऊ शकतो.

तेथे गेल्यावर सतराव्या शतकाच्या आरंभी बांधलेले, पुंगीवाल्याच्या नावाने ओळखले जाणारे घर पाहावे. त्याच्या बाजूच्या भिंतीवर तारीख व मुलांची संख्या लिहिलेली आहे, उंदरांचा उल्लेख तेथेही नाही. त्याच घराला लागून बुंगेलोझन नावाची अरुंद गल्ली आहे. ‘बुंगे’ म्हणजे ढोल; ही बिनढोलाची गल्ली असून मुले याच वाटेने गेली असे मानतात, म्हणून येथे वाद्य वाजवायचे नाही की नाचायचे नाही, आणि लग्नाची मिरवणूकसुद्धा येथे वाजंत्री थांबवून जात असे. आपल्याकडे वरातीतला बँड घटकाभर थांबवायचा झाला तर काय प्रसंग ओढवेल, याची कल्पना करावी.

उत्तर ३ (अचलपूर)

वरील विवेचन उत्तम आहे, परंतु मुकादमाची उपमा मला थोडी ताणलेली वाटते. मुकादमाने नेलेली माणसे हंगाम संपला की परततात, हामेल्नची परतली नाहीत, आणि फरक तेथेच आहे. शिवाय या तर्काचा मुख्य आधार म्हणजे बर्लिनच्या उत्तरेकडील भागात आढळणारी, हामेल्न परिसराशी जुळणारी स्थळनामे व आडनावे. तो आधार पुसट नसला तरी निर्णायकही नाही. प्रवासाविषयी एवढेच सांगेन की गाव लहान आहे, चार-पाच तास पुरेत. दुपारी १.०५, ३.३५ व ५.३५ वाजता लग्नघराच्या दर्शनी भागावर घंटानादासह यांत्रिक बाहुल्यांचा खेळ होतो. रविवारचे नाटक चुकले तर तो तरी पाहावा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जूनमधला शेवटचा रविवार निश्चित केला असून स्टूल मुलीने आजच मागवले आहे. त्या वेळेपर्यंत शतावरीचा हंगाम संपलेला असेल, म्हणून दशम्या व तिळाची चटणी घरूनच घेऊन निघू. भिंतीवरचा मजकूर वाचून सौ.ला ऐकवायचा असे ठरवले होते. त्यावर तिचे म्हणणे असे पडले, की जेथे उंदीरच नव्हते त्या गावाची गोष्ट मी तीस वर्षे उंदरांची म्हणून सांगत आलो, तेव्हा आधी जुन्या विद्यार्थ्यांना पत्रे लिहावीत.