लाउंजमधला पियानो : वाजवणारे आणि ट्यून करणारे, कामाचं लिहा (अनुभव धागा)

मुंबई-गोव्याच्या हॉटेलांत संध्याकाळचा पियानो सांभाळणारी मंडळी इथे आहेत. किस्से नकोत, नव्या माणसाला उद्या उपयोगी पडेल तेवढंच लिहा.

काळी_पाच : शेजारच्या टेबलाला आवाज न चढवता बोलता आलं पाहिजे. ग्रँडचं (आडव्या, मोठ्या पियानोचं) झाकण बंद ठेवा. गर्दी वाढली तरी जोर वाढवू नका, उजवा हात एक सप्तक वर न्या. बोलण्याचा गलका मधल्या पट्टीत असतो, वरचे सूर त्यातूनही ऐकू येतात.

बेसवाला (खालचे सूर देणारा वादक) नसेल तर कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा, मूळ स्वर तुम्हालाच द्यायचा. पण खाली तीन-चार सूर एकत्र दाबले की नुसता चिखल होतो. दोनच घ्या : डी मायनर सेव्हन या कॉर्डला डी-सी, जी सेव्हनला जी-बी, सी मेजर सेव्हनला सी-बी. वरचा सूर अर्धा स्वर उतरतो आणि तिथेच थांबतो, त्यामुळे कॉर्ड बदलल्याचा सांधा कळत नाही. बेसवाला आला की मूळ स्वर त्याला सोडा.

पणजीकर : वाढदिवसाचं गाणं एफमध्ये, म्हणजे पांढरी चारमध्ये धरा. चाल सी ते सी एवढीच फिरते, सगळ्यांच्या गळ्यात बसते. पाहुणा गायला उठला तर आधी पट्टी विचारा. 'काळी एक' म्हणाला तर सी शार्प. डिजिटल पियानोवर ट्रान्सपोज (बटणाने पट्टी वर-खाली) करत असाल तर गाणं संपताच शून्यावर आणा.

ट्यूनर : पावसाळ्याबद्दल लिहितो, कारण हॉटेलवाले नेमकी इथेच घाई करतात. साउंडबोर्ड (तारांमागची, आवाज मोठा करणारी फळी) लाकडी. ओल शोषली की तो फुगतो, त्यावरचा ब्रिज (तारा टेकतात ती घोडी) तारांना वर ढकलतो आणि मधली सप्तकं चढतात. टोकांची तेवढी चढत नाहीत. म्हणून पियानो स्वतःशीच बेसूर होतो. पहिल्या सरीला ट्यूनिंग करून पैसे वाया जातात, दोन-तीन आठवडे हवा स्थिरावू द्या. त्याहून वाईट म्हणजे रात्री एसी चालू, दिवसा बंद. आर्द्रता ४५-५० टक्क्यांच्या आसपास स्थिर हवी. हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) पियानोजवळच ठेवा.

पियानोची पट्टी (बोटाने दाबतो ती) अडकली तर नीट बघा. पट्टीच खाली राहते? मग तिच्या खालचं फेल्ट फुगलंय, नाहीतर फटीत टूथपिक किंवा नाणं पडलंय. पट्टी वर येते पण हातोडी रेंगाळते? मग हातोडीच्या पिनभोवतीचं फेल्ट आवळलंय. तेल कधीही सोडू नका.

काळी_पाच : दादा, झाकणावर ग्लास ठेवणाऱ्यांचं काय करायचं?

ट्यूनर : शेजारी छोटं टेबल मागून घ्या. पाटी लावून कोणी ऐकत नाही.

स्टेजपीस : डिजिटलवाल्यांसाठी. सुरू करताना पाय पेडलवर असेल तर बऱ्याच मॉडेलांत पेडल उलटं चालतं : सोडलं की सूर लांबतो. बंद करा, पाय काढा, पुन्हा सुरू करा. स्पीकरमधून घुं घुं येत असेल तर कीबोर्ड आणि मिक्सर एकाच पॉइंटवर घ्या, तरी थांबलं नाही तर डीआय बॉक्सचा (कीबोर्ड आणि मिक्सर यांच्यामधल्या जोडणीच्या डबीचा) ग्राउंड लिफ्ट, म्हणजे सिग्नलच्या तारेची अर्थ-जोडणी तोडणारं बटण, वापरा. प्लगची अर्थिंगची पिन तोडायची युक्ती कोणी सुचवेल. साफ नाही म्हणा, शॉक बसू शकतो.

पणजीकर : कराराचं राहिलं. ४५ मिनिटं वाजवणं, १५ विश्रांती, असे सेट किती ते लिहून घ्या. जेवण, पार्किंग, ट्यूनिंगचा खर्च कोणाचा तेही. २ ऑक्टोबर किंवा निवडणुकीच्या ड्राय डेला बार बंद, मग त्या दिवसाचे पैसे मिळणार का? गोव्यात सीझन संपल्यावर दिवस कमी करतात, त्याची पूर्वसूचना किती दिवसांची? आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था) परवाना हॉटेलने काढायचा, असं स्पष्ट लिहा. आणि कापलेला टीडीएस प्राप्तिकराच्या पोर्टलवर चढलाय ना, हे दर तिमाहीला तपासा.