सर्जनशील लेखनाचा कोर्स करावा का?

कोरी_वही:
पदवीचं शेवटचं वर्ष आहे. पुढे दोन वर्षांचा सर्जनशील लेखनाचा कोर्स करावा असं मनात आहे. अर्जासोबत स्वतःच्या लेखनाची वीस पानं पाठवायची आहेत. घरी एकच प्रश्न, "लिहायला काय शिकवणार?" माझी भीती वेगळी आहे. तिथून सगळे एका साच्यातलं लिहून बाहेर पडतात म्हणे. कुणी केलाय का? वर्गात नेमकं काय चालतं?

शाईचा_डाग:
लिहायचं असेल तर लिही की. मोठमोठे लेखक काय पदवी घेऊन लिहायला बसले होते? दोन वर्षं नुसतं वाचलंस तरी जास्त शिकशील.

खोडरबर:
@शाईचा_डाग, काही बसले होते की! अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाने १९२२ मध्येच प्रबंधाच्या जागी कथा-कविता चालतील असं ठरवलं, १९३६ मध्ये तिथलं रायटर्स वर्कशॉप (असाच लेखनाचा कोर्स) सुरू झालं आणि अमेरिकन कथाकार फ्लॅनरी ओ'कॉनर १९४७ मध्ये तिथूनच पदवी घेऊन बाहेर पडली. वाचनाबद्दल मात्र तुमच्याशी सहमत.

@कोरी_वही, मी केलाय, सात वर्षांपूर्वी. व्याख्यानं फार नसतात. आपल्या कथेच्या प्रती आठवडाभर आधी वाटायच्या, सगळ्यांनी समासात शेरे मारून आणायचे. आमच्या वर्गात बारा जण होते. चर्चा सुरू झाली की लेखकाने गप्प बसायचं, हा नियम.

माझी पहिली कथा चौदा पानांची. वडील गेल्यावर मुलगा त्यांच्या बंद घड्याळाला किल्ली देत बसतो, एवढंच. मी स्वतःवर भलतीच खूश! दहा मिनिटं घड्याळाचं कौतुक झालं. मग कोपऱ्यातल्या एका मुलीने विचारलं, "याची आई कुठे आहे?" सगळे पानं उलटायला लागले. पान दोनवर आई दार उघडते, त्यानंतर ती नाहीच. मला ओरडून सांगायचं होतं, अगं, ती आतल्या खोलीत आहे! पण कागदावर आतली खोलीच नव्हती. ती माझ्या डोक्यात होती. बोलायची मुभा असती तर मी समजावून सांगितलं असतं, त्यांनी माना डोलावल्या असत्या आणि कथा तशीच राहिली असती.

साच्याचं म्हणशील, तर ती भीती खोटी नाही. दुसऱ्या सत्रात आमच्या निम्म्या कथा कुणीतरी खिडकीत उभं राहून संपत होत्या. शेवटी सरांनी खिडकीवर बंदीच घातली. (मग आम्ही गॅलरीत गेलो, ते सोडा.)

स्वाध्यायांपैकी एक आजही करते. 'मी'ने सांगितलेला प्रसंग 'ती'चा करून पुन्हा लिहायचा. नुसती क्रियापदं बदलून भागत नाही. 'मी'ला जे दिसणं शक्य नव्हतं ते दिसायला लागतं आणि निम्मी वाक्यं खोटी वाटायला लागतात.

तळटीप:
मी असे वर्ग घेतो. गप्प बसण्याच्या नियमावर अलीकडे बरीच टीका होते आहे. ज्याच्या जगण्याची वर्गाला ओळखच नाही, त्याने गप्प बसून इतरांचे गैरसमज का ऐकावेत? म्हणून माझ्या वर्गात आधी लेखक प्रश्न विचारतो, मग बाकीचे बोलतात. खोडरबरताईंना आलेला अनुभव अशाने थोडा बोथट होतो, हे कबूल.
अर्जाबद्दल सांगायचं तर कादंबरीचा तुकडा न पाठवता पूर्ण कथा पाठव. शेवट जमतो का, हे आम्हाला त्यातच कळतं. आणि सगळ्यात चांगली कथा आधी लाव, आम्ही थकलेले असतो.

कोरी_वही:
खोडरबरताई, तुमचं वाचून माझी अर्जाची कथा काढून बघितली. आजोबा तिसऱ्या पानावर खुर्चीत बसतात. कथा अकराव्या पानावर संपते, दरम्यान घर विकलं जातं, सामान हलतं, आजोबा अजून खुर्चीतच.